फाइल डोळ्यांसमोर आहे आणि लिनक्स म्हणतंय अशी फाइलच नाही! (सोसायटीची बिलं अडकलीत)

वाघबीळकर – मंगळवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा मी सहचिटणीस. म्हणजे गेल्या एजीएमला उशिरा पोचलो आणि चहा घेऊन वळेपर्यंत झालेलो होतो.

आमची मेंटेनन्सची बिलं भाच्याने लिहून दिलेल्या एका स्क्रिप्टवर निघतात. सोसायटीच्या ऑफिसात त्याचाच जुना लॅपटॉप आहे, त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्स. फ्लॅटची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) द्यायची, एक कमांड मारायची, बिलं तयार. दोन वर्षं विनातक्रार चाललं. आता भाचा शिकायला म्युनिकला गेलाय आणि दर १,६०० वरून १,८०० झाला. एक आकडाच तर बदलायचा, म्हणून स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घरी आणली. घरी विंडोज ७. नोटपॅडमध्ये उघडली तर सगळं एका ओळीत, मुंग्यांची रांग नुसती. वर्डपॅडमध्ये मात्र छान ओळीत दिसली. आकडा बदलला, सेव्ह केली, परत नेली.

आता चालवायला गेलं की लॅपटॉप म्हणतो 'बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. अहो, फाइल समोर आहे! उघडते, वाचता येते. फक्त चालत नाही. भाच्याला मेसेज टाकलाय, पण तिकडे त्याची परीक्षा आहे.

विनंती: चिन्हांमध्ये माझा गोंधळ उडतो. कमांड फोनवर सांगितल्यासारखी शब्दांत लिहा, मी टाइप करून घेईन.

---

खाडीपल्याड – मंगळवार, रात्री ११:३१

वर्डपॅडने घात केला.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं की मला चालवायला 'बॅश' नावाचा प्रोग्रॅम बोलवा. विंडोजच्या पद्धतीत प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा असतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. लिनक्समध्ये एकच, लाइन फीड. वर्डपॅड लिनक्सची फाइल नीट दाखवतं, पण सेव्ह करताना गुपचूप आपल्या पद्धतीने करतं. त्यामुळे लिनक्सला पहिल्या ओळीत 'बॅश' ऐवजी 'बॅश आणि त्याला चिकटलेलं कॅरेज रिटर्न' असं नाव दिसतं. त्या नावाचा प्रोग्रॅम जगात नाही. न सापडलेली फाइल ही आहे, तुमची स्क्रिप्ट नव्हे. संदेश नीट कोणी लिहिला असता तर इंटरनेटवरचे निम्मे धागे निघालेच नसते.

उपाय: टर्मिनल उघडा. 'सुडो एपीटी इन्स्टॉल' आणि मग 'डॉस', आकडा दोन, 'युनिक्स', हे तिन्ही जोडून. ते बसलं की हेच जोडनाव, एक जागा, आणि स्क्रिप्टचं नाव. एंटर. झालं.

ऑफिसात नेट नसेल तर: 'सेड', जागा, हायफन आय, जागा, मग एकेरी अवतरणात: एस, तिरकी रेघ, बॅकस्लॅश आर, डॉलर, तिरकी रेघ, तिरकी रेघ. अवतरण बंद. जागा, फाइलचं नाव. म्हणजे 'ओळीच्या शेवटचं कॅरेज रिटर्न काढ, त्या जागी काही ठेवू नकोस'.

---

मुलुंडचा मावळा – मंगळवार, रात्री ११:४८

मॅकवर असाल तर वरची 'सेड' जशीच्या तशी चालणार नाही. तिथे हायफन आय नंतर बॅकअपचं शेपूट द्यावं लागतं, नको असेल तर रिकामी अवतरणं. आणि जुन्या मॅकवरच्या 'सेड'ला बॅकस्लॅश आर म्हणजे काय ते समजतच नाही, ती 'आर' हे अक्षर शोधत बसते. त्यापेक्षा नेमून दिलेलं अक्षर गाळणारी 'टीआर हायफन डी' वापरा.

फक्त 'टीआर'चा निकाल त्याच नावाच्या फाइलमध्ये वळवू नका. टीआर सुरू व्हायच्या आधीच शेल (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ती फाइल रिकामी करून ठेवतं. माझ्या चार तासांच्या कामाचं श्राद्ध असंच झालं होतं. नवीन नाव द्या, मग बदला.

---

वाघबीळकर – बुधवार, सकाळी ८:०५

खाडीपल्याड, चाललं! रात्री बाराला ऑफिस उघडून बघितलं, वॉचमनला वाटलं चोर आला. बिलं निघाली. फार आभार.

---

वाघबीळकर – बुधवार, रात्री ९:२०

आभार अर्धे परत घेतो.

बिलं निघाली पण चुकीची. आमच्याकडे ३१ फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. त्यांना सेवा शुल्काच्या १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी लागतो, म्हणजे महिन्याला १८० रुपये. यादीच्या शेवटच्या रकान्यात 'भाडेकरू: होय / नाही' असतं आणि स्क्रिप्ट ते बघून रक्कम वाढवते. या वेळी एकालाही लागलेला नाही. ३१ गुणिले १८० म्हणजे ५,५८० रुपयांचा खड्डा. खजिनदार बाईंनी मला लिफ्टमध्ये गाठलं, सातव्या मजल्यापर्यंत.

यादी मी हजारदा बघितली. 'होय' म्हणजे 'होय'च आहे. मग स्क्रिप्टला ते 'होय' का वाटत नाही?

---

शंकासुर – बुधवार, रात्री ९:३३

अवांतर शंका: १० टक्केच का? आमच्याकडे पूर्वी मनाला येईल तेवढा घ्यायचे.

---

वाघबीळकर – बुधवार, रात्री ९:४१

@शंकासुर, १ ऑगस्ट २००१ च्या शासनाच्या आदेशाने १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि ती सेवा शुल्कावर, महापालिकेचा कर सोडून. पण तो वेगळा धागा होईल. माझा आधी हा सोडवा.

---

मुलुंडचा मावळा – बुधवार, रात्री ९:५५

मराठी मजकूर आहे म्हणजे मला आधी अदृश्य जोडणीचा संशय. 'ऱ्या', 'र्‍हा' लिहिताना काही कीबोर्ड मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात. दोन शब्द डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. पूर्वी डीटीपी करायचो तेव्हा एका लग्नपत्रिकेत 'कुऱ्हाडे' हे आडनाव शोधून बदलताना अर्धेच कुऱ्हाडे बदलले गेले होते.

---

खाडीपल्याड – बुधवार, रात्री १०:१०

मावळे, मुद्दा बरोबर, पण 'होय'मध्ये जोडाक्षर कुठे आहे?

वाघबीळकर, एक करा. स्क्रिप्टमध्ये तो रकाना तपासतात त्याच्या आधीच्या ओळीत तो छापून बघा. 'एको', आणि दुहेरी अवतरणात चौकटी कंस सुरू, रकान्याचं नाव डॉलर लावून, चौकटी कंस बंद. म्हणजे कंसांच्या आत काय काय आहे ते कळेल. सुरुवातीला किंवा शेवटी चोरटी जागा असेल तर लगेच दिसेल.

आणि या वेळी स्क्रिप्ट ऑफिसातच बदला, वर्डपॅडच्या वाटेला जाऊ नका.

---

वाघबीळकर – बुधवार, रात्री ११:०२

केलं. आता मला भुताटकीची शंका येते आहे. असं छापून येतंय:

]होय
]नाही
]नाही
]होय

सुरुवातीचा कंस गायब. शेवटचा कंस सुरुवातीला! मी तीनदा तपासलं, लिहिताना क्रम बरोबर लिहिलाय.

---

शंकासुर – बुधवार, रात्री ११:०६

हसून हसून पुरेवाट. उर्दू शिकतोय का तुमचा लॅपटॉप?

---

नौपाड्याचे आजोबा – बुधवार, रात्री ११:२५

मला संगणकातलं फारसं कळत नाही, हा धागा नुसता वाचत होतो. पण तो कंस बघितला आणि झोप उडाली, म्हणून लिहितो.

मी १९७८ साली ठाणे स्टेशनजवळच्या क्लासात टायपिंग शिकलो, पुढे ३१ वर्षं एका सरकारी कचेरीत टंकलेखक होतो. आमच्या रेमिंग्टनवर ओळ संपत आली की टिंग करून घंटी वाजायची. मग डाव्या हाताने दांडी ढकलायची. त्या एका ढकलण्यात दोन कामं व्हायची. रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकायचा, आणि कॅरेज उजवीकडे जाऊन ओळीच्या आरंभाला लागायची. बघणाऱ्याला ते एकच काम वाटे. नवीन पोरं दांडी न धरता कॅरेज नुसती हाताने ढकलत. मग कॅरेज आरंभाला, पण कागद जिथल्या तिथे, आणि पुढची अक्षरं आधीच्या ओळीवरच उमटत. आमचे सर डस्टर फेकून मारत.

तुमचं तेच झालंय. पहिला कंस छापला, मग 'होय', मग कोणीतरी कॅरेज मागे ढकलली पण कागद वर घेतला नाही. म्हणून शेवटचा कंस ओळीच्या आरंभाला, पहिल्या कंसाच्या डोक्यावर बसला. आमच्या कागदावर निदान दोन्ही कंस एकावर एक दिसले असते. तुमचा पडदा खालचं पुसून टाकतो वाटतं.

आम्ही हे मुद्दामही करायचो. शीर्षकाखाली रेघ ओढायची तर कॅरेज नुसती मागे घेऊन त्याच ओळीवर रेघेची कळ मारत जायचं.

खाडीपल्याड यांनी वर 'कॅरेज रिटर्न' म्हटलं आहे ते हेच ना?

---

खाडीपल्याड – बुधवार, रात्री ११:४०

आजोबा, दंडवत. हेच, आणि मी कंस छापायला सांगून स्वतःच झोपायला निघालो होतो.

वाघबीळकर, स्क्रिप्ट साफ झाली पण यादीची सीएसव्ही फाइल अजून विंडोजची आहे. ती कोण बनवतं?

---

वाघबीळकर – गुरुवार, सकाळी ७:१५

खजिनदार बाई, एक्सेलमधून. पूर्वी भाचा त्याच्या लॅपटॉपवर स्वतः बनवायचा.

---

खाडीपल्याड – गुरुवार, सकाळी ९:५० (ठाणे-वाशी लोकलमधून)

संपलं मग. भाच्याची फाइल लिनक्सची, बाईंची विंडोजची. स्क्रिप्ट स्वल्पविरामांवर ओळ तोडते आणि ओळीचा शेवट म्हणजे लाइन फीड एवढंच तिला ठाऊक. कॅरेज रिटर्न तिच्या लेखी साधं अक्षर, ते शेवटच्या रकान्याला चिकटून राहतं. म्हणून 'होय' आणि 'होय अधिक कॅरेज रिटर्न' यांची तुलना नापास. मधले रकाने सुखरूप, कारण त्यांच्यामागे स्वल्पविराम आहे. 'भाडेकरू' हा रकाना तिसरा-चौथा असता तर हा घोळ कधी कळलाच नसता.

खात्री करून घ्या: 'ग्रेप', हायफन सी, मग डॉलर, लगेच एकेरी अवतरणात बॅकस्लॅश आर, जागा, यादीच्या फाइलचं नाव. किती ओळींत कॅरेज रिटर्न आहे तो आकडा येईल. बरेच जण 'कॅट हायफन कॅपिटल ए' सुचवतील, त्यात ओळीच्या शेवटी टोपीवाला एम आणि डॉलर दिसतो. पण मराठी फाइलवर ती कमांड मारलीत तर प्रत्येक देवनागरी अक्षराच्या तीन बाइटांचं तीन ठिकाणी गिचमिड दिसेल आणि तुम्हाला वाटेल फाइलच गेली. गेलेली नसते. आपल्या कामाला ग्रेप बरी.

आकडा शून्याहून जास्त आला की डॉस-दोन-युनिक्स यादीवरही चालवा. रबाळे आलं, उतरतो.

---

वाघबीळकर – गुरुवार, रात्री ८:४४

ग्रेप म्हणाली २१२. आमच्याकडे फ्लॅट २१२च आहेत. बरोब्बर! डॉस-दोन-युनिक्स चालवलं, आता ग्रेप म्हणते शून्य. बिलं पुन्हा काढली, सगळ्या ३१ जणांना १८० लागले. खजिनदार बाईंना साफ केलेली फाइल पेनड्राइव्हवर परत दिली, म्हटलं यापुढे हीच वापरा.

---

ऐरोलीकरीण – गुरुवार, रात्री ९:१५

धागा वाचून आमच्या टीमची आठवण आली. एका सहकाऱ्याच्या एडिटरने फाइलभर ओळींचे शेवट बदलले. त्याने बदललं होतं एक वाक्य, पण गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) दिसलं की चार हजार ओळी बदलल्या. ते परत फिरवायचं काम मी केलं, म्हणून आता त्या फाइलच्या प्रत्येक ओळीवर 'ब्लेम' मध्ये, म्हणजे कुठली ओळ शेवटी कोणी बदलली त्या यादीत, माझं नाव येतं. तीन वर्षांपूर्वीचा बग असला तरी लोक माझ्याच टेबलाशी येऊन उभे.

ज्यांच्या घरी गिट आहे त्यांनी प्रत्येकाच्या मशीनवरच्या, ओळींचे शेवट आपोआप बदलणाऱ्या 'ऑटोसीआरएलएफ' सेटिंगवर विसंबू नये. कुणाचं 'ट्रू', कुणाचं 'इनपुट', कुणाचं 'फॉल्स', आणि नवीन आलेल्याला माहीतच नाही. रेपॉझिटरीतच (प्रकल्पाच्या सामायिक फोल्डरात) 'डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइल ठेवा आणि त्यात लिहा: तारा, जागा, 'टेक्स्ट बरोबर ऑटो'. शेल स्क्रिप्टसाठी वेगळी ओळ: तारा डॉट एसएच, 'ईओएल बरोबर एलएफ', म्हणजे नुसतं लाइन फीड. विंडोजच्या बॅच फाइलसाठी 'सीआरएलएफ', म्हणजे दोन्ही खुणा. मग एकदा 'गिट अ‍ॅड' ला 'रीनॉर्मलाइज' देऊन तेवढाच एक वेगळा कमिट (बदलाची नोंद) करा. दुसरं काही त्यात मिसळू नका. आणि त्या कमिटचा क्रमांक एका फाइलमध्ये लिहून 'ब्लेम'ला तो वगळायला सांगता येतं, गिट २.२३ पासून. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझी बरीच दुपारची जेवणं गरम राहिली असती.

---

शंकासुर – गुरुवार, रात्री ९:४०

पण मुळात चूक कोणाची? एक ओळ संपवायला दोन खुणा हा विंडोजचा आगाऊपणाच ना?

---

खाडीपल्याड – गुरुवार, रात्री १०:२०

नाही हो. उलट दोन खुणा ही जुनी चाल, एक खूण ही नंतरची काटकसर.

आजोबांच्या रेमिंग्टनचा विजेवर चालणारा भाऊ म्हणजे टेलिप्रिंटर. १९६३ साली आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ घ्या. सेकंदाला १० अक्षरं छापायचं. त्याच्यात छापणारं डोकं उजव्या टोकापासून डावीकडे यायला एका अक्षराहून जास्त वेळ लागे. म्हणून आधी कॅरेज रिटर्न पाठवायचं आणि लगेच लाइन फीड. डोकं परत येत असतानाच कागद वर सरकतो, वेळ वाया जात नाही. क्रम उलटा केला तर पुढचं अक्षर ओळीच्या मध्येच कुठेतरी उडत्या डोक्याने छापलं जायचं. त्याच वर्षी पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या आस्की कोडात दोन्ही खुणांना वेगळे क्रमांक आहेत, लाइन फीड १० आणि कॅरेज रिटर्न १३.

मल्टिक्स नावाच्या प्रणालीवाल्यांनी ठरवलं की फाइलमध्ये एकच खूण ठेवू, यंत्राला काय लागेल ते छापताना ड्रायव्हर बघेल. युनिक्सने ते उचललं, युनिक्सवरून लिनक्स. सीपी/एम या दुसऱ्या प्रणालीने दोन्ही ठेवल्या, १९८१ मध्ये आलेल्या डॉसने त्या घेतल्या, डॉसवरून विंडोज. आणि जुन्या मॅकने तिसरीच तऱ्हा केली, नुसतं कॅरेज रिटर्न. २००१ च्या ओएस टेनपासून मॅकही लाइन फीडवाल्यांत आला.

आणि इंटरनेटवरचं म्हणाल तर ईमेलची प्रत्येक ओळ आजही नियमाने दोन्ही खुणांनी संपते. वेबपानं पाठवायच्या एचटीटीपी १.१ मध्ये शीर्षकाच्या ओळीही. म्हणजे हा प्रतिसाद तुमच्यापर्यंत पोचवताना सर्व्हरने कॅरेज मागे घेतलीही असेल.

विंडोजच्या नोटपॅडवर मात्र राग काढा. नुसतं लाइन फीड असलेली फाइल त्याला नीट दाखवता यायला २०१८ च्या ऑक्टोबरातली विंडोज १० ची आवृत्ती यावी लागली. तोवर मुंग्यांची रांग.

---

नौपाड्याचे आजोबा – गुरुवार, रात्री १०:४५

वा. म्हणजे यंत्राला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून ती दुसरी खूण. आमच्या मराठी यंत्रावर याच्या उलट प्रकार होता. काही कळा अशा की दाबल्या तरी कॅरेज पुढे सरकतच नसे. त्यांना डेड की म्हणत. उकार, मात्रा, अनुस्वार आधी मारायचा, कॅरेज जागेवर, मग त्यावर अक्षर. मिनिटाला ३० शब्दांच्या परीक्षेत निम्मी मुलं त्यात अडकायची.

---

मुलुंडचा मावळा – गुरुवार, रात्री ११:०५

जुन्या मॅकची तऱ्हा मी भोगली आहे. एका मंडळाची १९९८ ची स्मरणिका मॅकवर लावलेली, मजकुराच्या फाइली सीडीवर. गेल्या वर्षी लिनक्सवर उघडल्या. ओळी मोजायला सांगितल्या तर उत्तर शून्य! कारण लाइन फीड एकही नाही. 'मॅक-दोन-युनिक्स' मारल्यावर ओळी सुटल्या, पण आतला मजकूर त्या काळच्या फाँटच्या कोडातला. युनिकोड नव्हेच. ओळी सुंदर, अक्षर एक वाचता येईना. ते रडगाणं वेगळ्या धाग्यात.

---

खाडीपल्याड – गुरुवार, रात्री ११:१८

सगळ्यांना एक ताकीद देऊन ठेवतो, कारण कोणीतरी आता उत्साहाने अख्ख्या फोल्डरवर कमांड चालवणार. ही साफसफाई फक्त मजकुराच्या फाइलींची. फोटो, झिप, पीडीएफ यांच्यात १३ आणि १० हे आकडे ओळीचा शेवट म्हणून नसतात, माहितीचा भाग म्हणून असतात. डॉस-दोन-युनिक्स अशी फाइल ओळखून सोडून देतं, पण वरची 'सेड' आणि 'टीआर' दयामाया दाखवत नाहीत. पूर्वी एफटीपीने फाइल पाठवताना 'आस्की' मोड राहिला की झिपचं वाटोळं व्हायचं ते यामुळेच.

पीएनजी चित्रांची रचना करणाऱ्यांनी याची आधीच तजवीज केली. प्रत्येक पीएनजीचे पहिले आठ बाइट ठरलेले आहेत, आणि त्यांत मुद्दाम एक कॅरेज रिटर्न-लाइन फीडची जोडी आणि पुढे एक सुटं लाइन फीड घातलं आहे. वाटेत कोणी ओळींचे शेवट बदलले तर पहिल्या आठ बाइटांतच चोरी पकडली जाते. कोळशाच्या खाणीतल्या पक्ष्यासारखं, आधी तो मान टाकतो.

---

वाघबीळकर – शुक्रवार, रात्री ९:०२

मी परत आलोय. कंटाळू नका.

खजिनदार बाईंना दिलेली साफ फाइल त्यांनी एक्सेलमध्ये उघडली तर सगळी मराठी नावं गेली. प्रत्येक अक्षराच्या जागी 'ए'वर टिंब-रेघा असलेली फिरंगी अक्षरं. बाई म्हणाल्या, तुम्ही यादीला हात लावलात की काहीतरी होतंच. लॅपटॉपवर तीच फाइल उघडली तर मराठी व्यवस्थित.

---

ऐरोलीकरीण – शुक्रवार, रात्री ९:२८

बीओएम गेला. बाँब नव्हे, बीओएम.

एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा प्रकार निवडून सेव्ह केलं की फाइलच्या अगदी आरंभी तीन बाइटांची अदृश्य खूण बसते, तीच बीओएम. उघडताना एक्सेल ती खूण बघून ठरवतं की आत युनिकोड आहे. खूण नसेल तर ते जुन्या पाश्चात्त्य कोडात वाचतं, आणि आपलं एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असल्याने एकाची तीन फिरंगी अक्षरं होतात. डॉस-दोन-युनिक्स ओळी सुधारताना ही खूणही आपणहून काढून टाकतं, कारण लिनक्सवाल्यांना ती नकोशी असते.

बाईंकडे परत जाणारी फाइल 'युनिक्स-दोन-डॉस' ने फिरवा, जोडीला हायफन एम द्या. म्हणजे ओळी विंडोजच्या होतील आणि खूण परत बसेल.

खरं तर मी सांगेन की बाईंच्या फाइलला हातच लावू नका. त्यांची फाइल त्यांच्या पद्धतीची राहू दे. स्क्रिप्टनेच यादी वाचताना कॅरेज रिटर्न गाळून घ्यावं. आरंभीच एक 'टीआर हायफन डी' ची ओळ टाकून नवीन तात्पुरती फाइल करायची आणि पुढचं सगळं तिच्यावर. ज्याला त्रास होतो त्याने गाळणी ठेवायची, समोरच्याला शिकवत बसायचं नाही.

---

खाडीपल्याड – शुक्रवार, रात्री ९:५०

ऐरोलीकरीण यांना +१. मी इतके दिवस फाइल धुवायला सांगत बसलो, नळाला गाळणी लावायचं सुचलं नाही. आणि हो, बाईंना साधा 'सीएसव्ही' प्रकार निवडू देऊ नका. त्यात मराठीच्या जागी चक्क प्रश्नचिन्हं सेव्ह होतात, आणि ती मग कुठल्याही कमांडने परत येत नाहीत.

---

शंकासुर – शुक्रवार, रात्री १०:१५

एक शंका दोन दिवस सतावते आहे.

वाघबीळकर, तुमच्याकडे २१२ फ्लॅट. यादीत वर रकान्यांची नावं असलेली एक ओळ असणारच. म्हणजे ओळी २१३. मग ग्रेप २१२ का म्हणाली? एका ओळीत कॅरेज रिटर्न नव्हतं. कुठल्या?

---

खाडीपल्याड – शुक्रवार, रात्री १०:१९

अरे बाप रे. शंकासुरा, तुझ्या नावाचं सार्थक झालं.

वाघबीळकर, यादीची शेवटची ओळ बघा. ती एक्सेलमधून आली का कोणी हाताने घातली? आणि निघालेली बिलं मोजा.

---

वाघबीळकर – शनिवार, सकाळी १०:४०

मोजली. २११.

शेवटची ओळ बाईंनी सीएसव्ही झाल्यावर नोटपॅडमध्ये जुनी काढून हाताने घातली होती, कारण तो फ्लॅट गेल्या महिन्यात बायकोच्या नावावर ट्रान्स्फर झाला आणि एक्सेलमध्ये बदलायचा राहिला. ओळ लिहिली आणि एंटर न मारता सेव्ह केली. त्या फ्लॅटचं बिल निघालेलंच नाही. पण का? ओळ तर आहे!

---

खाडीपल्याड – शनिवार, सकाळी ११:०५

लिनक्सच्या लेखी लाइन फीडने संपते ती ओळ. शेवटी एंटर नाही म्हणजे ती ओळ पुरी झालेली नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये 'व्हाइल रीड' असं चक्र असणार. 'रीड' ती अर्धी ओळ वाचते खरी, पण फाइल संपली म्हणून 'नापास' असं कळवते, आणि चक्र तिथेच थांबतं. वाचलेलं हातात असतं, वापरलं जात नाही. ओळी मोजणारी 'डब्ल्यूसी हायफन एल' पण लाइन फीडच मोजते, तीही २१२च म्हणाली असती.

उपाय: 'रीड'च्या पुढे दोन उभ्या रेघा, मग चौकटी कंसात हायफन एन आणि दुहेरी अवतरणात पहिल्या रकान्याचं नाव डॉलर लावून. कंसांच्या आतल्या बाजूंना जागा सोडायला विसरू नका. अर्थ असा की 'रीड नापास झाली तरी हातात काही आलं असेल तर तेवढी एक फेरी अजून चालव'.

---

वाघबीळकर – शनिवार, दुपारी १:३०

दोन्ही केलं, गाळणी पण आणि उभ्या रेघा पण. २१२ बिलं निघाली, ३१ जणांना १८० लागले, बाईंच्या फाइलला हात लावला नाही. भाच्याचा आत्ता मेसेज आला, 'मामा, लाइन एंडिंग बघ'. म्हटलं, बघितलं रे बाबा.

तो राहिलेला फ्लॅट आमच्या अध्यक्षांचा होता. चार दिवस झाले, माझं बिल आलं नाही असं काही ते बोलले नव्हते बरं का.

---

नौपाड्याचे आजोबा – शनिवार, दुपारी २:१०

माझं रेमिंग्टन अजून घरी आहे, रिबन वाळली आहे पण घंटी वाजते. भाचा सुट्टीला आला की घेऊन या, दांडी ढकलून दाखवतो. चार पावलांवर तलावपाळी आहे, येताना चहा होईल.

---

वाघबीळकर – शनिवार, दुपारी २:२२

डिसेंबरात येतोय तो. नक्की आणतो.